प्रार्थनेला हमीपत्र नसते



गेल्या कार्तिकीला पंढरपुरात आमच्या फडावर पखवाज वाजवणारा एक तरुण माझ्या पाया पडायला आला. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का आणि डाव्या मनगटावर लाल लोकरीचा दोरा. मला वाटले, कुठल्या देवीचा असेल. मी विचारले तर म्हणाला, "महाराज, हा कबालाचा दोरा. ज्यू लोकांची गुप्त विद्या आहे. शहरात दोन दिवसांचा वर्ग केला. यात म्हणे प्रार्थना नक्की फळते." वर्गाची फी त्याने सांगितली. तेवढ्या पैशात नवा पखवाज आला असता.

काय शिकवले, असे विचारले. देवाची बहात्तर नावे आहेत, नोकरीसाठी एक, लग्नासाठी एक, कर्ज फिटण्यासाठी एक. हवे ते नाव निवडायचे, कागदावरच्या अक्षरांवरून रोज नजर फिरवायची, चाळीस दिवसांत काम होते. नाही झाले तर? "तर आपली श्रद्धा कमी पडली, असे सर म्हणाले."

माउली, हा लेख त्या शेवटच्या वाक्यावर आहे. काम झाले तर विद्येचा गुण, नाही झाले तर तुझा दोष. असा हिशेब बाजारातला लबाड व्यापारीसुद्धा उघड उघड मांडत नाही. पण त्या पोराला मी रागावलो नाही, कारण हेच वाक्य पूर्वी माझ्या तोंडून गेलेले आहे. ते आधी सांगतो आणि मग कबालाकडे वळतो. स्वतःचे झाकून दुसऱ्याचे उघडे करणे नारदाच्या गादीला शोभत नाही.

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आमच्या दिंडीत एक बाई चालत. गळा फार गोड. पहाटेच्या काकड्याला त्यांचा सूर लागला की वीणेकरी डोळे मिटून घेत. त्यांचा एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा, आजारी पडला. दोन्ही मूत्रपिंडे गेली. बाई माझ्याकडे आल्या. मी तेव्हा ऐन भरात होतो, सप्ताहाच्या तारखा वर्षभर आधी ठरत. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "ज्ञानेश्वरीची सात पारायणे करा. पोर उठून बसेल. माझा शब्द आहे."

बाईंनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून पारायणे केली. पाचवे चालू असताना मुलगा गेला. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "महाराज, चौथ्या पारायणात माझा एक दिवस खाडा झाला होता. त्यानं गेलं का हो माझं लेकरू?"

मी त्यावर प्रारब्धाचे काहीतरी बोललो आणि उठलो. बाईंनी त्यानंतर वारी सोडली. मुलगा गेला म्हणून नव्हे. आपल्या खाड्याने तो गेला, या समजुतीने. ते ओझे मी त्यांच्या डोक्यावर ठेवले होते, पांडुरंगाने नाही.

आता कबाला. मला ही विद्या कुणी दोन दिवसांत शिकवली नाही, आणि मी तिचा अभ्यासक म्हणवून घेण्याच्या लायकीचाही नाही. रायगड जिल्ह्यात माझी कीर्तने होत, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ खांबाला टेकून नेमाने ऐकायला बसत. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत त्या समाजातले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून ते नाव. कीर्तन संपल्यावर म्हणायचे, "बुवा, आमच्या लोकांनीही मराठी कीर्तने केलीत बरं का. झांजा-पेटी घेऊन, अब्राहामाचं आणि योसेफाचं आख्यान." ते खरेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत त्या समाजाने अशी कीर्तने उभी केली. काका पुढे मुलांकडे इस्रायलला गेले. तिथून त्यांची मराठी पत्रे येत राहिली. मी प्रश्न पाठवायचा, ते आपल्या प्रार्थनापुस्तकातून आणि जाणत्यांना विचारून उत्तर धाडायचे. "मी कबालावाला नव्हे, बुवा, पण आमची प्रार्थना मला ठाऊक आहे," असे पहिल्याच पत्रात त्यांनी बजावले होते. त्या पत्रांतून आणि पुढे नातवाकडून वाचून घेतलेल्या इंग्रजी पुस्तकांतून जे पदरात पडले, ते मांडतो.

कबाला या हिब्रू शब्दाचा अर्थ आहे स्वीकार, ग्रहण. गुरूकडून शिष्याने घेतलेले, परंपरेने हाती आलेले. या विद्येचा मुख्य ग्रंथ झोहर. परंपरा तो दुसऱ्या शतकातील ऋषितुल्य शिमोन बार योहाय यांचा मानते. संशोधक म्हणतात, तो तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये मोशे दे लिओन यांच्या हातून प्रकट झाला. आपली ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे सन १२९० ची. म्हणजे नेवाशाला माउली खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगत होते, साधारण त्याच काळात हजारो कोस दूर हा दुसरा ग्रंथ लोकांच्या हाती जाऊ लागला होता. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती.

पुढे १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढले. उन्मळलेली ती माणसे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने विखुरली. त्यांतले काही गालीलच्या डोंगरावरच्या त्सफात या गावी जमले. सोळाव्या शतकात ते लहानसे गाव या विद्येची आळंदी झाले. तिथे योसेफ कारो होते. ज्यू आचारधर्माचा आजही प्रमाण मानला जाणारा ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि तेच रात्री ध्यानात रमणारे साधकही होते. तिथे मोशे कोर्दोवेरो होते. तिथे १५७० मध्ये इजिप्तहून इत्सहाक लुरिया आले आणि दोनच वर्षांनी, १५७२ मध्ये, साथीच्या रोगात अडतिसाव्या वर्षी गेले. आपल्या नाथ महाराजांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा, लुरियांचा १५३४ चा. लुरियांनी स्वतः फारसे काही लिहिले नाही. शिष्य हायिम वितालने गुरूचे बोलणे लिहून ठेवले, तेच पुढे जगभर गेले.

या त्सफातकरांचा एक नेम ऐका. शुक्रवारी सूर्य कलला की ते पांढरी वस्त्रे नेसून गावाबाहेर शेतात जात आणि येणाऱ्या शब्बाथाचे, त्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, नवरीसारखे गाऊन स्वागत करत. त्यांच्यातल्या श्लोमो अल्काबेत्स यांनी रचलेले स्वागतगीत आजही शुक्रवारी संध्याकाळी जगभरच्या सिनेगॉगमध्ये गातात. त्याच्या कडव्यांची आद्याक्षरे जुळवली की कवीचे नाव निघते. आपले संत शेवटच्या चरणात नाममुद्रा घालतात, तशीच ही खूण. आता मला सांगा, देशोधडीला लागलेली माणसे शेतात जाऊन कोणता सौदा करत होती? त्या गाण्यात घर परत मिळण्याची हमी कुणी कुणाला दिली होती?

इथे मुद्द्याला हात घालतो. कबालाचा खरा अभ्यास प्रार्थनेबद्दल काय शिकवतो? मला त्यात चार गोष्टी सापडल्या. त्या चारही त्या लाल दोऱ्याच्या दुकानदारीच्या विरुद्ध साक्ष देतात.

पहिली गोष्ट. हिब्रूत प्रार्थना करण्याचे क्रियापद स्वतःकडे वळणारे आहे. जाणकार त्याचा अर्थ लावतात, प्रार्थना म्हणजे स्वतःचा न्याय करणे, स्वतःला तपासणे. तालमुदात प्रार्थनेला हृदयाची सेवा म्हटले आहे. माउली, सेवा हा शब्द ओळखीचा वाटला ना? आपणही कीर्तनाला सेवा म्हणतो. सेवेला मजुरी लावली की ती चाकरी होते. काकांनी लिहिले होते की, जुने भाविक लोक प्रार्थनेआधी तासभर नुसते थांबत, मन देवाकडे लागावे म्हणून. या मन लावण्याला ते कव्वाना म्हणतात. कबालाच्या अभ्यासाचा मोठा भाग या कव्वानाचाच आहे, कोणता शब्द उच्चारताना चित्त कुठे असावे याचा. अक्षरांची चिंतने आहेत, बहात्तर नावेही आहेत. निर्गम या ग्रंथातील, प्रत्येकी बहात्तर अक्षरांच्या तीन वचनांतून ती काढली आहेत. पण ती चिंतने रोजच्या तीन वेळच्या प्रार्थनेच्या आत, आचारधर्माच्या कुंपणात करायची असतात. कुंपण मोडून नावे बाहेर विकायला आणणे म्हणजे गाभाऱ्यातली समई उचलून चहाच्या टपरीवर लावणे.

दुसरी गोष्ट, देवाचीच उणीव. कबालावाले म्हणतात, देव मूळ स्वरूपात अनंत आहे, त्याला ते एन सोफ म्हणतात. तो दहा तेजांतून प्रकट होतो. त्यांत करुणा आहे, न्याय आहे, आणि शेवटी जगात वास करणारे सान्निध्य आहे, त्याचे नाव शेखिना. लुरियांची शिकवण अशी की, सृष्टी होताना प्रकाशाची पात्रे फुटली, ठिणग्या सगळीकडे विखुरल्या, आणि शेखिनाही आपल्या लोकांबरोबर वनवासात गेली. माणसाच्या प्रत्येक सत्कर्माने, प्रत्येक प्रार्थनेने एकेक ठिणगी उचलायची आणि मोडलेले सांधायचे. या सांधण्याला तिक्कून म्हणतात. म्हणून साधक मध्यरात्री उठून रडायचा, तो स्वतःच्या कर्जासाठी नाही, शेखिनाच्या वनवासासाठी. पुढे हसिदी पंथातील मेझेरिचचे दोव बेर यांनी तर सांगितले की, तुझ्या गरजेतसुद्धा देवाच्या सान्निध्याची उणीव ओळख आणि त्या उणिवेसाठी प्रार्थना कर. इतकी उंच शिकवण आणि आपण तिचा काय केला? नोकरीसाठी अमुक नाव!

तिसरी गोष्ट, शेजारी. लुरियांनी घालून दिलेला रिवाज आहे. सकाळच्या प्रार्थनेला उभे राहण्याआधी, शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञा मी माथी घेतो, असे मनाशी म्हणायचे. अनेक प्रार्थनापुस्तकांत ते आजही छापतात. देवाशी बोलण्याआधी शेजाऱ्याशी भांडण मिटव. त्यांच्या मुख्य प्रार्थनेतील मागण्याही अनेकवचनी आहेत. आम्हाला बरे कर, आमच्या वर्षाला बरकत दे. आणि परंपरेने दहा पुरुष जमल्याशिवाय सार्वजनिक प्रार्थना पूर्ण होत नाही. एकटा साधक कितीही पोहोचलेला असो, त्याला दहावा माणूस शोधायला गल्लीत जावेच लागते. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एकट्याची दिंडी निघत नाही. आता त्या शहरातल्या वर्गाकडे बघा. तिथे प्रत्येकजण आपापला कागद, आपापले नाव, आपापले काम घेऊन बसतो. शेजारी कोण बसला आहे, हे कुणाला ठाऊक नसते.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. मिश्ना या त्यांच्या प्राचीन धर्मग्रंथात व्यर्थ प्रार्थना म्हणून एक प्रकार सांगितला आहे. माणूस गावी परतत आहे, वेशीवर येताच आतून आक्रोश ऐकू येतो. तो म्हणाला, देवा, हा आक्रोश माझ्या घरातला नसो, तर ही व्यर्थ प्रार्थना. का? जे घडले ते घडले आहे. आणि माझ्या घरातला नसो याचा अर्थ दुसऱ्याच्या घरातला असो, असाही होतो. हे काकांच्या पत्रात वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. किती कीर्तनांत मी माणसांना हीच प्रार्थना शिकवली होती!

कोणी म्हणेल, महाराज, तुम्ही गोड तेवढे निवडून सांगता. कबालात ताईत नाहीत का, मंत्रतंत्र नाहीत का? आहेत. त्यांच्यातही अक्षरांनी कामे करून घेण्याची एक वाट होती. तिला व्यावहारिक कबाला म्हणतात. पण लुरियांनी आपल्या शिष्यांना ती वाट बंद केली, कारण तेवढी शुद्धता आता कुणात उरली नाही. लाल दोराही खराच आहे. बेथलेहेमजवळ राहेल मातेच्या समाधीशी जोडलेली ती लोकरीत आहे. एखाद्या आजीने नातवाच्या हाताला बांधला तर मी तिला नमस्कार करीन. त्याची पाकिटे करून वर हमी छापणाऱ्याला नमस्कार करणार नाही.

आणि हमीचा शेवट कसा होतो, हे ज्यूंच्याच इतिहासात मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. १६४८ पासून पूर्व युरोपात त्यांची भयंकर कत्तल झाली. दुःखाने पोळलेल्या लोकांपुढे १६६५ मध्ये शब्बताय त्स्वी नावाचा माणूस तारणहार म्हणून उभा राहिला. लुरियांच्या शिकवणीची भाषा त्याच्या बाजूने वापरली गेली. वनवास संपला, तिक्कून पुरे झाले, आता फक्त विश्वास ठेवा! गावोगावच्या लोकांनी घरेदारे विकून बांधाबांध केली. दुसऱ्याच वर्षी, १६६६ मध्ये, तुर्कस्तानच्या सुलतानासमोर तो धर्म बदलून मोकळा झाला. मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय झाले असेल? त्यानंतर शहाण्या लोकांनी ही विद्या चाळिशी ओलांडलेल्या, आचारात मुरलेल्या माणसालाच शिकवावी, हा दंडक आणखी कडक केला. ज्याला आपण गुप्तता म्हणून मिरवतो, ती अशा जखमेवर बांधलेली पट्टी आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. गाथा आहे, ज्ञानेश्वरी आहे, मग परक्या विहिरीचे पाणी कशाला? माउली, मी पाणी बदलायला सांगत नाही. तुळशीची माळ माझ्या गळ्यात मरेपर्यंत राहील. पण कधी कधी आपल्या घरातली फट शेजारी दाखवतो, कारण आपल्याला तिची सवय झालेली असते. माउलींनी ज्ञानेश्वरी पुरी झाल्यावर देवाकडे काय मागितले? स्वतःसाठी काहीच नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावा आणि साऱ्या जीवांचे मैत्र जुळावे, एवढे मागितले. हे मी हजार वेळा गायलो आणि त्याच तोंडाने सात पारायणांची हमी दिली. लुरियांचा शेजारधर्म वाचला तेव्हा कुठे पसायदान माझ्या कानांत शिरले. तुकोबारायांनी तर कीर्तन करणाऱ्याने त्या गावचे अन्नसुद्धा घेऊ नये, इथवर सांगितले. आपण पाकीट घेतो ते घेतो, वर फळाची पावती फाडून देतो!

पण याची उलटी चूकही करू नका. हल्ली व्यासपीठावर कोणीही उठतो आणि म्हणतो, सगळे एकच आहे. त्यांची शेखिना म्हणजे आपली रुखमाई, त्यांचा एन सोफ म्हणजे आपले निर्गुण ब्रह्म. असे म्हणू नका. त्यांना देवाची मूर्ती चालत नाही, आपला देव विटेवर उभा आहे. त्यांची सारी साधना त्यांच्या धर्माज्ञांना बांधलेली आहे, आपली वारीला आणि एकादशीला. प्रत्येकाच्या घराला स्वतःचा उंबरा असतो. शेजाऱ्याचा मान ठेवायचा तर त्याच्या उंबऱ्याचाही ठेवावा.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. मग देवाकडे मागायचेच नाही का? लेकरू आजारी असताना आईने मागायचे नाही, तर कुणी मागायचे?

मागायचे. पोटभर, रडून मागायचे. ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत आरोग्य आहे, पाऊस आहे, पोटापाण्याची मागणी आहे. कबालावाल्यांनी त्यातले एकही वाक्य काढून टाकले नाही. मागणे ही नात्यातली गोष्ट आहे. हमी ही व्यवहारातली. लेकरू आईकडे हट्ट धरते, ते करारपत्र दाखवून नव्हे. ज्या क्षणी तुम्ही म्हणता, इतक्या आवर्तनांना इतके फळ, त्या क्षणी देवाला तुम्ही कर्जदार केला आणि भक्ताला वसुली कारकून. आणि वसुली झाली नाही की कारकुनाचीच चौकशी लागते. खाडा कधी झाला, उच्चार कुठे चुकला, श्रद्धा कुठे उणी पडली.

मग मागून आत काय घडते? विसाव्या शतकात वॉर्साहून जेरुसलेमला गेलेले येहूदा अश्लाग, १८८५ ते १९५४ हा त्यांचा काळ, यांनी झोहरवर मोठी टीका लिहिली. ते म्हणतात, माणूस मुळात घेण्याची इच्छाच आहे. ती इच्छा मारायची नाही, वळवायची. यासाठी त्यांचा यजमान-पाहुण्याचा दृष्टान्त आहे. यजमान ताट वाढतो. पाहुण्याला भूक आहे, पण फुकट खायची लाज वाटते, म्हणून तो नको म्हणतो. यजमान आग्रह करत राहतो. शेवटी पाहुण्याच्या ध्यानात येते की, आपण जेवलो तर याला आनंद होणार आहे. मग तो यजमानाच्या आनंदासाठी जेवतो. ताट तेच, भूक तीच, पण घेणेच आता देणे झाले. वारीच्या वाटेवर हा दृष्टान्त आपण दरवर्षी जगतो. पिठलं-भाकरी घेऊन रस्त्यात उभी असलेली म्हातारी हात जोडून घ्या माउली म्हणते, तेव्हा उपकार कोण कुणावर करतो? कबाला म्हणजे स्वीकार, हे मी आधी सांगितले. ती विद्या मिळवण्याची युक्ती शिकवत नाही, स्वीकारायला लायक पात्र घडवते. पात्र घडायला दोन दिवस पुरत नाहीत. कुंभाराला विचारा.

आणि ज्याला हे काहीच कळत नाही, त्याचे काय? हसिदी लोकांत एक कथा सांगतात. एका अडाणी माणसाला प्रार्थना पाठ नव्हती. तो सिनेगॉगच्या कोपऱ्यात उभा राहून हिब्रू मुळाक्षरे म्हणू लागला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पुन्हा. म्हणाला, देवा, मला शब्द जुळवता येत नाहीत. अक्षरे मी देतो, जुळवायचे तू बघ. अठराव्या शतकात आजच्या युक्रेनच्या भागात बाल शेम तोव यांनी हा पंथ उभा केला, तो अशाच माणसांच्या जिवावर. बघा माउली, अक्षरे त्या शहरातल्या वर्गातही आहेत आणि या कोपऱ्यातही आहेत. एका ठिकाणी देवाकडून काम काढून घ्यायला, दुसऱ्या ठिकाणी सगळे त्याच्या स्वाधीन करायला.

काकांचे व्यर्थ प्रार्थनेचे पत्र आले त्यानंतर महिनाभराने मी त्या बाईंच्या घरी गेलो. आठ वर्षे झाली होती. ओसरीवर बसलो आणि सांगितले, "बाई, तेव्हा मी खोटे बोललो. तुमच्या खाड्याने काही झाले नाही. सात काय, सत्तर पारायणे झाली असती तरी माझ्या शब्दाला काही अर्थ नव्हता. तो शब्द द्यायचा मला अधिकारच नव्हता."

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग वाचायचं तरी कशाला, महाराज?"

मी म्हणालो, "दवाखान्याच्या ओट्यावर रात्री तुमच्यासोबत कोण होतं?" त्या म्हणाल्या, "पोथी होती. आणि पलीकडच्या खाटेवरच्या पोराची आई माझं वाचन ऐकायला येऊन बसायची. तिला वाचता येत नव्हतं." मी म्हणालो, "त्यासाठी."

याहून चांगले उत्तर मला आजही देता येत नाही. बाई उठून चहा करायला आत गेल्या. वारीला त्या पुन्हा आल्या नाहीत, गुडघे राहिले नव्हते. पण गावच्या देवळात काकड्याला येऊ लागल्याचे पुढे कळले.

म्हणून शेवटची विनंती, आधी माझ्या कीर्तनकार बांधवांना. सप्ताहाच्या फलकावरून फळाची भाषा पुसा. व्यासपीठावरून कुणाच्या लेकराच्या आयुष्याचा शब्द देऊ नका. आणि तुम्हा वाचकांना एवढेच की, हमी देणारा भेटला, तो कबालाचा दोरा घेऊन येवो की माळ घालून, त्याला एकच प्रश्न विचारा. ज्याची प्रार्थना फळली नाही, त्याच्या घरी तुम्ही कधी जाता का?

आमच्या पखवाजवाल्याने दोरा तोडला की नाही, मी विचारले नाही. मी त्याला एवढेच सांगितले, उद्या काल्याला वाजवताना शेजारच्या टाळकऱ्याकडे बघ, त्याचा ठेका चुकत असेल तर सांभाळून घे. तेवढे झाले, तरी त्या दिवसाची प्रार्थना पोहोचली असे मी समजेन.

राम कृष्ण हरि.